गोळ्या सोलणारा अंतोबा

समुद्रकाठच्या एका गावात अंतोबा नावाचा नारळाचा व्यापारी राहत होता. माणूस फार हुशार. निदान त्याचं स्वतःचं मत तरी तसंच होतं.

एकदा त्याच्या मुलीला, केशरला, ताप आला. ताप उतरला, पण कडक औषधांनी पोट पार बिघडलं. खाल्लेलं अंगी लागेना. पोर दिवसेंदिवस वाळत चालली. अंतोबा घाबरून भिवरा वैद्यीणबाईंकडे धावला.

बाईंनी बारीक मोत्यांसारख्या गोळ्या दिल्या. म्हणाल्या, “यात पोटाला हितकर असे जिवंत जिवाणू आहेत. आतड्यात पोचले की काम करतील. पण वाटेत जठरातलं आम्ल त्यांना जाळून टाकतं, म्हणून वर समुद्रशेवाळाच्या चिकाचं कवच चढवलंय. ते आम्लात टिकतं, आतड्यात गेल्यावर विरघळतं. गोळी अख्खी गिळायची. फोडायची नाही.”

“कळलं, कळलं,” अंतोबा म्हणाला. ज्याला काहीच कळलेलं नसतं, तो हे दोनदा म्हणतो.

घरी येऊन त्याने काय करावं? खल काढला! औषध म्हणजे मधात खलून चाटवायचं, ही त्याच्या घरची रीत. कवचं तिथेच फुटली. केशरला काडीचाही गुण आला नाही. अंतोबा तणतणत बाईंकडे गेला. त्यांनी कपाळाला हात लावला, पुन्हा समजावलं, पुन्हा गोळ्या दिल्या.

या खेपेला शहाण्याने खल काढला नाही. नखाने गोळ्या सोलल्या!

आता केशरला उठून बसवेना. शेवटी बाई स्वतःच घरी आल्या. पाहतात तो काय, अंतोबा मांडी ठोकून गोळ्या सोलतोय.

“अरे मेल्या, पोर हातची जाईल!”

“पण बाई, आपण भात काय तुसासकट खातो?”

“खात नाही. पण पेरतो तुसासकटच ना? तांदूळ पेरून बघ एकदा, उगवतो का ते!”

अंतोबा उत्तर देणारच होता. तेवढ्यात केशरने हात पुढे केला, एक अख्खी गोळी उचलली आणि पाण्याबरोबर गिळली. “बाबा, आता तुम्ही गप्प बसा,” ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज स्वतःच्या हाताने गोळी घेऊ लागली. हळूहळू अन्न पचू लागलं, अंगात ताकद आली. एके दिवशी ती चालत विहिरीपर्यंत गेली. शेजारी कौतुकाने म्हणाले, “अंतोबा, लेक बरी झाली म्हणायची!”

“झाली हो,” अंतोबा म्हणाला, “पण खलून दिल्या असत्या, तर लवकर झाली असती.”

तात्पर्य: जिवंत गोष्ट मुक्कामी सुखरूप पोचायला हवी असेल, तर तिचं कवच वाटेत फोडू नये, आणि ज्याला सगळंच आधीपासून कळतं, त्याच्या हाती औषध देऊ नये.