अभयवनातल्या अकरा हरिणी

पूर्वी अश्मक देशातल्या पोतली नगरात जितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वनपालांच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव तारुक्ष. नगरापासून तीन कोसांवर, गोदावरीच्या काठी, अभयवन नावाचे जुने रान होते. त्याची राखण तारुक्षाच्या घराण्याकडे होती. जितसेनाच्या पणजोबाने याच रानात एका गाभण हरिणीला बाण मारला होता आणि तिची तडफड पाहून तिथल्या तिथे धनुष्य मोडून टाकले होते. ‘या सीमेच्या आत कोणी कोणाला भिऊ नये’ अशी अक्षरे त्याने एका शिळेवर कोरून घेतली. तेव्हापासून रानात येणारा माणूस, मग तो कोणी का असेना, शस्त्र आणि पादत्राणे सीमेवर उतरवूनच आत येई.

एका वैशाखात राजाच्या मनात आले, की पूर्वजाचे हे रान एकदा डोळ्यांनी पाहावे. इच्छा चांगलीच होती. पण शंखक नावाचा महामात्र दहा दिवस आधी पाचशे मजूर घेऊन रानात उतरला. राजाचे उत्तरीय अडकेल म्हणून त्याने करवंदीच्या जाळ्या तोडल्या. अंगावर विष्ठा पडेल म्हणून वाटेवरची घरटी काठ्यांनी पाडली. त्यांत अंडी होती की पिले, हे कोणी वाकूनही पाहिले नाही. अर्जुनवृक्षांच्या बुंध्यांना कमरेपर्यंत चुना फासला आणि वर गेरूचा पट्टा ओढला. शिळा काळवंडलेली दिसते म्हणून तिलाही चुना दिला, तेव्हा अक्षरे बुजून गेली. ज्याने ती कोरून घेतली त्याच्याच पणतूला खूश करण्यासाठी! तारुक्ष हे सारे पाहत होता आणि दातओठ खात गप्प बसत होता.

एवढ्या कुऱ्हाडी चालल्यावर हरणे वाटेवर कशाला थांबतील? ती आतल्या उंच गवतात शिरली. मग शंखकाने जाळी लावून अकरा हरिणी धरल्या आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना त्या मागच्या पायाने खुंटाला बांधल्या. दोऱ्यांवर पाचोळा पसरला, तोंडापुढे गवत टाकले. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, आपल्याच मर्जीने चरताहेत.

त्यांतली एक नुकतीच व्यालेली होती. तिचे आचळ तटतटून आले होते. दिवसभर ती गवताकडे तोंड करून हंबरडा फोडी. तिचे पाडस तिथेच कुठेतरी होते. तारुक्षाने गवत पालथे घातले, पण आईने ठेवले त्या जागी पाडस आवाज न करता पडून राहते. वाघाला जे दिसत नाही, ते माणसाला काय दिसणार?

त्याने शंखकापुढे हात जोडले. “आर्य, एवढी एक सोडा. तिचं पिल्लू भुकेनं मरेल.”

“अकरा कळवल्यात मी महाराजांना. दहा कशा दाखवू?” शंखक म्हणाला. “आणि वनपालाच्या जागेवर बसायला पुष्कळ जण टपलेत, एवढं ध्यानात ठेव.”

घरी त्याची पत्नी नंदुत्तरा त्याच्यावर उखडली. “दोरी तोडायला तुमच्याजवळ कोयता नाही का?”

“महाराज परवा येताहेत. त्यांच्या कानावर घालतो. रीतीनं होऊ दे.”

“त्या पाडसाला कळतं का तुमची रीत?”

तारुक्षाने कोयता खुंटीवरच राहू दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजा आला. पादत्राणे उतरवायची, याची त्याला कोणी आठवण करून दिली नाही. हरिणी दिसताच तो हरखून गेला आणि अगदी जवळ जाऊन उभा राहिला. त्या थरथरत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. राजाच्या डोळ्यांत पाणी आले.

“मलासुद्धा भीत नाहीत! पणजोबांचा शब्द अजून पाळला जातोय.” त्याने गळ्यातला मोत्यांचा हार काढून तारुक्षापुढे धरला. “हा घे. आणि काठावरची शेतजमीनही आजपासून तुझी.”

राजाच्या मागून शंखक डोळ्यांनी खुणावत होता, घे, घे! तारुक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“महाराज, ह्या भीत नाहीत असं कोण म्हणतं? ह्यांना पळता येत नाही!” त्याने वाकून पाचोळा उधळला. दोरी मांसात रुतली होती आणि जखमेवर माश्या बसल्या होत्या. “आपण येणार म्हणून हे रान ओरबाडलं. आपण येणार म्हणून घरटी पाडली. जिथं आपल्या पणजोबांनी धनुष्य मोडलं, तिथं आपल्या करमणुकीसाठी बाळंतीण बांधून ठेवलीय. आणि मी मुकाट्यानं पाहत बसलो. तो हार नको मला, शिक्षा करा!”

“महाराज, आपल्याच आनंदासाठी...” शंखकाने तोंड उघडले. राजाने त्याला पुढे बोलू दिले नाही. तो स्वतः गुडघ्यांवर बसला आणि गाठी सोडू लागला.

दहा हरिणी बघता बघता दिसेनाशा झाल्या. अकरावी लंगडत गवतात शिरली आणि वीस पावलांवर थांबली. राजा आणि तारुक्ष मागोमाग गेले. ती पाडसाचे डोके चाटत होती. पाडस थंड पडले होते. राजा तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता, तिच्या पायात आता दोरीही नव्हती, तरी ती पळाली नाही.

राजाने तिथेच पादत्राणे काढली आणि सीमेपर्यंत अनवाणी चालत गेला. शंखकाचे पद त्याने त्याच दिवशी काढून घेतले. पुढे वनपालाच्या परवानगीवाचून राजाही त्या रानात पाऊल टाकीत नसे.

ही आपल्या पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा शंखक म्हणजे आताचा देवदत्ताचा सोबती कोकालिक. राजा जितसेन म्हणजे आनंद, नंदुत्तरा म्हणजे राहुलमाता, आणि वनपाल तारुक्ष तो मीच. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा, आचरली, असे म्हणतात.”

“आणि भगवन, ते पाडस?” एका भिक्षूने विचारले.

शास्ते म्हणाले, “त्याच्यापर्यंत माझे सत्य पोहोचले नाही. मला तीन दिवस उशीर झाला. तुम्ही दोरी बांधली जाते त्याच दिवशी बोला.”