ऐतवारचा दोर

कुर्रर्र, कुर्रर्र. बाभळीच्या चाकाचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आईच्या मांडीवर मावेन एवढाच होतो. आमच्या ख्रिस्ती देवळात प्रार्थना चालली होती. पाळकबाबांचे डोळे मिटलेले होते. बाहेर विहिरीवरचं चाक वाजलं, आणि पाळकबाबा तोंडातला शब्द अर्धा टाकून बाहेर धावले. मागोमाग सगळी माणसं धावली. आईनं मला सतरंजीवर ठेवलं आणि तीही धावली. विहिरीत पडलं होतं एक कोकरू, वाटेनं चाललेल्या कुण्या धनगराचं. ते वर आलं, त्यानं अंग झटकलं, मग सगळे आत येऊन बसले आणि पाळकबाबांनी राहिलेली प्रार्थना पुरी केली. कोकरासाठी एवढी धावपळ, पण कुणी हसलं नाही.

ती विहीर हीच. हिचा कठडा पाहा, लाकडी फळ्यांचा आहे. विहिरीला असा कठडा कुणी करत नाही. फळ्या कुजतात तशा आम्ही बदलतो, पण ही एक सागवानी अजून पहिलीच आहे. तिच्यावर कडीची भोकं दिसतील. समोर आमचं देऊळ. त्याला चौकट आहे, दार नाही. आणि हा माझ्या मांडीवर दोर. आज ऐतवार, आज आमच्या घराची पाळी. आत गाणी चालली आहेत, पण ती संपेपर्यंत मला इथून हलता येत नाही. बोलायला मनाई नाही, उठायला आहे. तेव्हा बसा, सांगतो. मला हे माझ्या आजानं सांगितलं.

फार मागची गोष्ट. आमची माणसं तेव्हा नुकतीच ख्रिस्ती झाली होती. त्याआधी ती गावकीच्या कामावर असत. चावडीवरून हाक आली की हातातली भाकर ठेवून उठायचं. सण नाही, सुतक नाही, अंगात ताप असला तरी उठायचं. कितीतरी पिढ्यांत कुणाला हक्काचा एक दिवस म्हणून मिळाला नव्हता, असं सांगतात. आणि मग बाहेरगावचे एक पाळकबाबा आले आणि त्यांनी देवाच्या दहा आज्ञा शिकवल्या. त्यांत एक शब्बाथाची, विसाव्याच्या दिवसाची. सहा दिवस काम कर, एक दिवस थांब. तूही थांब, तुझा चाकरही थांबू दे, तुझा बैलही. मूळचा तो सातवा दिवस, पण प्रभू कबरेतून उठला तो आठवड्याचा पहिला दिवस, म्हणून आम्ही ऐतवार पाळतो. ही आज्ञा ऐकून म्हणे म्हातारी माणसं रडली. देवानं आपल्याला थांबायला सांगितलं, हे त्यांना खरंच वाटेना.

त्यांच्यात एक होता सटवाजी. सगळे त्याला सटवाबा म्हणत. त्याला लिहिता वाचता येत नव्हतं, पण आज्ञा त्याच्या जिभेवर होत्या. गावच्या पाणवठ्याला आमच्या माणसांनी शिवायचं नाही अशी तेव्हाची रीत, म्हणून ही विहीर त्यानंच पुढं होऊन खणून घेतली. देऊळही त्यानंच उभं केलं. पाळकबाबा कधीमधी, पीक निघाल्यावर यायचे. बाकीच्या दिवसांत सगळं सटवाबाच पाहायचा.

ऐतवार तो डोळ्यांत तेल घालून जपायचा. शनिवारी दिवस मावळायच्या आत बायकांनी पाणी भरून ठेवायचं. मग सटवाबा चाकावरचा दोर काढायचा, गुंडाळून देवळातल्या पेटीत ठेवायचा आणि पेटीला कुलूप लावायचा. किल्ली त्याच्या करगोट्याला. पाणी ओढणं हेही कामच, तेव्हा ऐतवारी विहिरीलाही विसावा.

वरच्या आळीची माणसं थट्टा करायची.

"आमचे देव बारा महिने उभे असतात, सटवा. तुमचाच कसा रं सहा दिसांत दमला?"

"दमला न्हाई, मालक," सटवाबा म्हणायचा. "पर त्यो बसला, म्हणून आमाला बसाया मिळालं."

पाटलाला मात्र हे बसणं खपत नव्हतं. दर ऐतवारी नेमका तो कामाला माणसं बोलवायचा. बोलवायला यायचा हैबती, पाटलाचा वाड्यावरचा माणूस. धिप्पाड, डोक्याला भलं मोठं तांबडं पागोटं. तो देवळात शिरून हाताला धरून माणसं उठवायचा. सटवाबानं मग दाराला आतून जाड कडी बसवली. गाणी सुरू झाली की कडी लागायची. हैबती यायचा, फळीवर मुठी मारायचा, शिव्या द्यायचा. आतली माणसं मोठ्यानं गायची. थोड्या वेळानं तो जायचा. हैबतीचा आवाज तेवढाच, आमचा त्याहून मोठा, असं म्हणे बायका हसून सांगायच्या. आणि हैबतीला स्वतःला तरी कुठला दिवस मोकळा होता? पण हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

सटवाबाची सून होती गोजरा. तिला मुलगा झाला होता, बाळंतपण ताजं होतं, अंगात कसर होती. त्या ऐतवारी ती घरीच राहिली. नवरा आणि सासरा देवळात. घरात पाणी भरलेलं होतं. पण दावं तोडून शेळी आत आली आणि घागरच लवंडली. तापानं तिच्या घशाला कोरड पडली होती. शेजारपाजार सगळं देवळात. दोर कुलपात आहे हे तिला ठाऊक होतं. दोर मागायला गेलं तर सासऱ्याचा ऐतवार मोडेल, हेही ठाऊक होतं. सासऱ्याला तिनं कधी उलट शब्द दिला नव्हता.

विहिरीला आतून दगड पुढं काढलेले आहेत, वाकून पाहा, दिसतील. खणणाऱ्यांनी उतरायसाठी ठेवलेले. गोजरानं बाळाला झोळीत निजवलं, तांब्या घेतला आणि त्या दगडांवरून ती खाली उतरू लागली. शेवाळ होतं. पाय सुटला.

हैबती नेमका तेव्हा येत होता. नेहमीसारखा, माणसं बोलवायला. त्यानं हाक ऐकली. वाकून पाहिलं तर बाई एका दगडाला धरून पाण्यात. चाकावर दोर नाही. तो देवळाकडं पळाला आणि दारावर मुठी मारू लागला.

"दोर द्या! आरं, दोर द्या!"

आत सगळ्यांनी आवाज ओळखला. पोरंही म्हणाली, हैबती आला. त्यानं काय म्हटलं ते गाण्यात कुणाला उमगलं नाही. सटवाबा पुढं उभा होता. त्यानं उजवा हात वर केला. हात वर म्हणजे आवाज वाढवा. आणि माणसांनी आवाज वाढवला. गोजराचा नवराही गात होता. फळी हादरत होती, कडी खणखणत होती, आणि म्हणे त्या दिवशी गाणं जसं रंगलं होतं तसं पूर्वी कधीच रंगलं नव्हतं.

मग मुठी थांबल्या. लोकांना वाटलं, गेला.

आशीर्वाद म्हणून झाला, सटवाबानं कडी काढली. उजेडात पहिल्यांदा दिसलं ते पागोटं. हैबती विहिरीच्या काठावर पालथा पडला होता, एक हात खांद्यापर्यंत आत लोंबत होता, आणि हातात पागोट्याचं टोक. उलगडून त्यानं ते आत सोडलं होतं. माणसं धावली, कुणीतरी ते वर ओढलं. ओढणारा ओढतच राहिला. शेवटचं टोक हातात आलं, तेही कोरडं. पागोटं पाण्याला लागलंच नव्हतं. हातभर कमी पडलं होतं.

खाली पाण्यावर तांब्या तरंगत होता.

कुणी ओरडलं नाही, असं आजा सांगायचा. ओरडायला तरी काय घडलं ते कळावं लागतं. सटवाबा आत गेला, किल्ली काढली, पेटी उघडली. दोर होता तसाच होता, गुंडाळलेला, स्वच्छ. तो घेऊन तो बाहेर आला आणि काठावर उभा राहिला. लोक दोर मागत होते, त्याच्या हातातून तो सुटेना. शेवटी मुलानंच बापाची बोटं एकेक उघडली.

हैबती उठला. त्याच्या मुठींची सालं निघाली होती. त्यानं पागोट्याकडं पाहिलंही नाही. उघड्या डोक्यानं तो वरच्या आळीला गेला.

घरात झोळीतलं बाळ रडत होतं. ते बाळ म्हणजे माझा आजा. त्याला दूध कुणी पाजलं? कुणी सांगतात, हैबतीची बायको त्या दिवसापासून वर्षभर अंधार पडायच्या वेळी खाली येत होती. वरच्या आळीची बाई आमच्या घरात पाऊल टाकते हे त्या काळी कुणी उघड बोललं नसतं. आजाला विचारलं की तो दुसरीकडं पाहायचा.

पुढच्या ऐतवारी माणसं देवळात जमली. सटवाबा आला, पण आत गेला नाही. दोर घेऊन इथं, याच दगडावर बसला.

"बाबा, आत चला," लोक म्हणाले.

"तुमी बसा आत. म्या हितं बसतो."

"ऐतवार हाये, बाबा."

"म्हणूनच बसतो."

हैबती आला, पाटलानं धाडलेला. त्यानं सटवाबाला पाहिलं, दोर पाहिला. आणि फिरून गेला. वाड्यावर जाऊन म्हणाला म्हणे, कुणी भेटलं नाही. त्याच्या पुढच्या ऐतवारीही तेच सांगितलं. पाटलानं त्याला मारलं असंही सांगतात. पण आमच्या माणसांना ऐतवारी परत कुणी उठवलं नाही.

पीक निघाल्यावर पाळकबाबा आले. सगळं ऐकून त्यांचं तोंड उतरलं. मग त्यांनी प्रभूच्या गोष्टी सांगितल्या, तोवर इथं पोचल्या नव्हत्या त्या. शब्बाथाच्या दिवशी प्रभूनं जलोदरानं फुगलेला माणूस बरा केला. लोक टपून बसले होते, तेव्हा प्रभूनं विचारलं, आज तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही ओढून काढणार नाही का? हा दिवस माणसाला जगवायला दिला आहे.

सटवाबा ऐकत होता.

"विहीर म्हणाला प्रभू? विहीरच म्हणाला?"

"होय, सटवाबा."

"मग ही गोष्ट तुमी आधी का न्हाई सांगितली, बाबा? आज्ञा आधी सांगितली. ही का न्हाई सांगितली?"

पाळकबाबा सटवाबाजवळ जमिनीवर बसले, आणि दिवस कलेपर्यंत तसेच बसून होते.

त्यानंतर सटवाबानं देवळाचं दार उखडलं आणि त्याच फळ्यांचा हा कठडा केला. हैबतीचं पागोटं त्यानं धुऊन वाळवलं, पीळ घातला आणि दोराच्या टोकाला बांधलं. दोर पाण्याला पुरत होता, तरी बांधलं. हातभर जास्त असू दे, म्हणाला. उजवा हात त्यानं पुन्हा कधी वर केला नाही, जेवायलाही डाव्या हातानं जेवायचा. मरेपर्यंत दर ऐतवारी तो इथं बसला. देवळाच्या आत त्याची प्रेतपेटीच गेली, आणि तीही दाराशी अडली नाही, कारण दारच नव्हतं.

आजही इथं ऐतवारी चाकावर दोर असतो, आणि आत गाणी चालू असताना एका घरातलं एक माणूस त्याचं टोक मांडीवर घेऊन बाहेर बसतं. बाहेर बसलेल्याची उपासना आत बसलेल्याहून कमी, असं आम्ही मानत नाही. पोरांना आज्ञा शिकवतो तेव्हा विहिरीची गोष्टही शिकवतो, दोन्ही एकाच दिवशी. आजही गाण्याच्या मध्ये बाहेर काही वाजलं तर आमचं गाणं थांबतं. म्हातारी खोकली तरी थांबतं. पाहुण्यांना गंमत वाटते, वाटू द्या.

आणि दोराचं टोक दर वर्षी नवं होतं. ते आम्ही आणत नाही. गोजरा गेली तो ऐतवार आजचाच, म्हणून तुम्हाला बसवून ठेवलं. जरा सरकून बसा, वाट मोकळी राहू द्या. ते पाहा, वरून कोण येतंय. उघड्या डोक्याचा, काखेत तांबडं कापड. हैबतीच्या घरातला आहे. आधी याचा बाप येत असे.

त्याला नमस्कार करू नका, काही विचारूही नका. तो माझ्या मांडीवरचं टोक घेईल, जुनं कापड सोडेल, नवं बांधेल. आता गाठ ओढून पाहतोय. पुन्हा ओढली. त्याच्या घरात असंच करतात, दोनदा पाहिल्याशिवाय सोडत नाहीत.

बसली गाठ. त्यानं टोक परत माझ्या मांडीवर ठेवलं, विहिरीत एकदा वाकून पाहिलं, आणि आला त्या वाटेनं चालू लागला.