शेजाऱ्याच्या दारातले रांजण

"होळीच्या आत कुंभारआळी आणि साळीआळी एकमेकांच्या आगीला धावल्या पाहिजेत! हुकूम नाही, फटके नाहीत, इनाम नाही. कोण करून दाखवतो?" रणधीरराजे भर दरबारात गरजले.

मागच्या उन्हाळ्यात कुंभारआळी पेटली, तेव्हा विणकर साळी ओट्यावर बसून बघत राहिले. मग वारा फिरला, साळीआळी पेटली आणि कुंभार बघत राहिले!

दरबारी एकमेकांच्या पागोट्यांआड लपले. तेवढ्यात राजांना पंखा घालणारी येसू डुलकीतून दचकली आणि म्हणाली, "हो हो, महाराज!"

"शाब्बास! नाही जमलं, तर राज्याबाहेर!"

झोपेत होकार देणारी बाई जगात आपण एकटीच, असं स्वतःला कोसत येसू कुंभारआळीत धोंडबा कुंभाराच्या दारी पोचली.

"धोंडबा, आग लागलीच तर कुठून लागेल?"

"साळ्यांकडून! घरात कापूसच कापूस, अक्कल चिमूटभर!"

"मग पाणी स्वतःच्या दारात कशाला? त्यांच्या दारात ठेवा की!"

साळीआळीत विठाई कडाडली, "आग? कुंभारांच्या भट्टीतून, दुसरीकडून कुठून?" येसूने तिलाही तोच सल्ला दिला.

झालं! कुंभारांचे रांजण साळ्यांच्या दारात, साळ्यांचे कुंभारांच्या. आपलं पाणी जागेवर आहे ना, हे बघायला फेऱ्या सुरू झाल्या. आधी डोळे वटारून. मग 'ऊन फार आहे, टेका जरा' झालं. पुढे पानसुपारीही निघाली.

होळीच्या तोंडावर राजे पाहणीला आले आणि धोंडबाच्या अंगणात हुक्का ओढत बसले. बोलण्याच्या भरात त्यांचा हात लागून चिलमीतला निखारा उडाला आणि गवताचं छप्पर भडकलं! विठाई ओरडली, "धावा, आपले रांजण!" साळी धावले, कुंभारांनी कळशा पुढे केल्या, एकच रांग लागली. अर्धं छप्पर वाचलं. राजांची एक मिशी मात्र गेली.

"येसू, एवढा एकोपा केलास तरी कसा?"

"एकोपा कुठला, महाराज! मी फक्त अविश्वास कामाला लावला. माझ्या घरी तेच चालतं. मी चूल विझवली की सासू बघून येते, तिने विझवली की मी. आमचं घडीभर पटत नाही, पण घर उभं आहे!"

"पण आग तर दोघांपैकी कुणीच लावली नाही," राजे ओशाळून पुटपुटले.

"तेवढं माझं चुकलंच! आता एक रांजण आपल्या हुक्क्यापाशी ठेवू. तो दोन्ही आळ्या मिळून भरतील. त्या बाबतीत त्यांचं एकमत आहे!"

राजे उरलेल्या मिशीवर हात ठेवून खदखदा हसले. धोंडबाचं छप्पर त्यांनी स्वखर्चाने घालून दिलं आणि हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं.