पाहुण्यांची खुर्ची

एकदा एका तालुक्याच्या गावी शिक्षणात संशोधन करणाऱ्यांची कार्यशाळा भरली होती. संशोधन कसं करावं, आणि ते एकट्यानं न करता दुसऱ्याच्या जोडीनं कसं करावं, हे शिकवायला एक वृद्ध आचार्य आले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा फार सावकाश बोलत. एक वाक्य झालं की थांबत, समोरच्याच्या मनात ते पोचलं का ते पाहत, आणि मगच दुसऱ्या वाक्याला हात घालत.

या सावकाशीचा सर्वांत जास्त जाच होई तो निवृत्ती गवांदे नावाच्या विद्यार्थ्याला. विद्यार्थी म्हणायचं एवढंच, वय चाळिशीकडे झुकलेलं, आणि स्वतः शिक्षक. मुलांनी धडा एका सुरात, मोठ्यानं म्हटला की ती लवकर वाचायला लागतात, असं त्याला वर्षभर शाळाशाळांतून हिंडून आढळलं होतं. त्यावरच त्याचा प्रबंध होता. तो देण्याची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि तो मान्य झाला की हीच पद्धत तालुक्यातल्या सगळ्या शाळांत लागू व्हायची होती. अशा वेळी सतरंजीवर बसून दुसऱ्यांचं ऐकायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. पण कार्यशाळेचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय विद्यापीठ प्रबंध घेत नव्हतं, म्हणून बसला होता बिचारा. बसला तरी त्याचा एक पाय सारखा हलत राही. मध्येच उठून तो फाटकापर्यंत जाई, रस्त्याकडे पाही आणि परत येई. प्रबंधाची पिशवी मात्र कुठंही सोबत नेई. विषय चोरीला जातात, असं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं.

त्याच्या शेजारी रुकय्या मणेर नावाच्या बाई बसत. त्याही संशोधक. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "गवांदे सर, घरच्यांनी नाव निवृत्ती ठेवलं, ते या पायाला कुणी सांगितलंच नाही का?"

सगळे हसले. गवांदेही हसला, पण पाय काही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी जोड्या लावल्या. गवांदे आणि रुकय्याबाई एका जोडीत आले. आबांनी त्यांना सांगितलं, की जवळच्या शाळेत जा, तिसरीच्या वर्गातला वाचनाचा तास पाहा, आणि काय दिसलं ते लिहून आणा. पान मात्र एकच असावं, आणि खाली सह्या दोघांच्या.

ही शाळा गवांदेच्या प्रबंधातलीच होती. काम चुटकीसरशी होईल, असं त्याला वाटलं.

दोघं शाळेत पोचले. आपल्याकडे शाळेत कुणी पाहुणा आला की काय करतात, ठाऊक आहे ना? मुख्याध्यापकांच्या खोलीतली खुर्ची आणतात, फडक्यानं पुसतात आणि फळ्याजवळ, शिक्षकाच्या टेबलाशेजारी मांडतात. इथंही तसंच झालं. खुर्ची एकच होती, ती वर्गाच्या बाईंनी गवांदे सरांना दिली. दुसरी आणते म्हणाल्या, तोवर रुकय्याबाई मागं जाऊन पोरींच्या रांगेत चटईवर बसल्यासुद्धा.

तास झाला. एका शेळीचा धडा होता. साऱ्या वर्गानं तो असा खणखणीत म्हटला, की कौलांवरची कबुतरं उडाली. गवांदेला फार बरं वाटलं. बाहेर व्हरांड्यात बसून त्यानं लिहायला घेतलं, "सर्व मुलं वाचत होती."

रुकय्याबाईंनी त्याचा हात धरल्यासारखं त्याला थांबवलं. मागच्या रांगेतली मुलं वाचत नव्हती, असं त्या म्हणाल्या. तो म्हणाला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या म्हणाल्या, मग माझे काय बटाटे आहेत? तो म्हणाला, मी वर्षभर हेच पाहतोय, तुम्ही आज आलात. तरी त्या सही करेनात. शेवटी दोघांनी आपापलं वेगळं पान लिहिलं, दोन्ही पानं टाचणीनं जोडली आणि आबांपुढं ठेवली.

आबांनी दोन्ही पानं वाचली. कुणाचं खरं, ते सांगितलं नाही. त्यांनी टाचणी काढली, गवांदेचं पान रुकय्याबाईंच्या हातात दिलं आणि रुकय्याबाईंचं गवांदेच्या. मग म्हणाले, "उद्या पुन्हा जा. याची जागा तिनं घ्यायची, तिची यानं. आणि हातात जे पान आहे, त्याच्याच खाली पुढचं लिहायचं."

गवांदेला हे पोरखेळासारखं वाटलं. एक अख्खा दिवस, आणि तोही परक्याच्या पानाखाली लिहिण्यात घालवायचा? त्या संध्याकाळी तो फाटकाबाहेर एसटीच्या थांब्यापर्यंत जाऊन आला. गाडी उभी होती. पण प्रमाणपत्र आठवलं आणि मागं फिरला.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुसून मांडली गेली, तेव्हा त्यानं रुकय्याबाईंकडे बोट दाखवलं आणि स्वतः मागं जाऊन चटईवर मांडी घातली. वर्गाच्या बाई अवघडल्या. सर, कपडे मळतील, म्हणाल्या. तो तरी तिथंच बसला. त्याचा पाय चटईवरही हलतच होता.

पुन्हा शेळीचाच धडा. शेजारची मुलगी सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणत होती, एक शब्द चुकत नव्हता. गवांदेनं सहज तिच्या पुस्तकात पाहिलं. पुस्तक भलत्याच पानावर उघडं होतं. त्यावर विहिरीचं चित्र होतं.

त्यानं हळूच तिला शेळीचं पान काढून दिलं. तास संपत आल्यावर एका शब्दाखाली बोट ठेवलं आणि विचारलं, "बाळ, हे काय लिहिलंय?"

मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. मग धड्याच्या पहिल्या शब्दापासून पुटपुटत म्हणायला लागली, एकेक शब्दाला बोट पुढं सरकवत, त्याच्या बोटाशी येईपर्यंत. तिथं पोचल्यावर म्हणाली, "पाला."

शब्द बरोबर होता. गवांदेनं दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. मुलगी पुन्हा पहिल्यापासून निघाली.

तेव्हा त्याचा पाय थांबला.

परत येताना रुकय्याबाई मोकळेपणानं म्हणाल्या, की खुर्चीवरून पुढच्या रांगांतली मुलं खरंच वाचताना दिसतात, नजर ओळीवरून फिरते त्यांची. आणि मागची? मागचीही तिथून वाचतानाच दिसली. "काल मला वाटलं, तुम्ही मनचं लिहिताय. पण काल तिथं मी बसले असते, तर मीही तेच लिहिलं असतं."

आबा व्हरांड्यात वाल सोलत बसले होते. गवांदे त्यांच्यापुढं बसला, उठला, पुन्हा बसला. मग एका दमात सगळं सांगितलं. वर्षभर प्रत्येक शाळेनं त्याला खुर्चीच दिली होती, आणि प्रत्येक ठिकाणी ती फळ्यापाशीच होती. मुदत तोंडावर आलेली. आहे तसा प्रबंध दिला तर कुणाला कळणारही नव्हतं. रुकय्याताई तर कुणाला सांगायच्या नाहीत, असंही तो म्हणाला.

आबांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"ती नाही सांगणार. पण ती शेळीवाली मुलगी पुढच्या वर्षी चौथीत जाईल. तिथं धडा दुसरा असेल."

गवांदेनं मान खाली घातली. मग त्यानं विचारलं, "म्हणजे माझं वर्ष वाया गेलं का, आबा?"

"वाया कसं जाईल? तू खोटं नाही लिहिलंस. खुर्चीवरून जे दिसतं ते लिहिलंस. फक्त खुर्चीवर बसलो होतो, एवढं लिहायचं राहिलं. मान म्हणून जी जागा मिळते ना, तिथून समोरच्याची चांगली बाजूच दिसते. त्यात देणाऱ्याचा दोष नाही, बसणाऱ्याचाही नाही. पण माणूस एकाच वेळी दोन जागी बसू शकत नाही, म्हणून सोबती लागतो. तो आपल्याला दुजोरा द्यायला नसतो. आपण नसतो तिथं त्यानं बसायचं असतं."

गवांदे उठला. फाटकापाशी जाऊन त्यानं आपल्या मार्गदर्शकांना फोन लावला आणि मुदत वाढवून मागितली. पलीकडून बरंच काही ऐकून घ्यावं लागलं असणार, कारण तो बराच वेळ नुसतं हो सर, हो सर म्हणत होता. मग आत आला आणि प्रबंधाची पिशवी सतरंजीवर रुकय्याबाईंपुढं ठेवली.

"ताई, हे वाचाल का? आणि बाकीच्या शाळांत याल माझ्याबरोबर?"

रुकय्याबाईंनी पिशवीकडे पाहिलं. "येईन की. पण खुर्ची कुणाला?"

"आलटूनपालटून," गवांदे म्हणाला.

मग दोघांनी एकमेकांच्या पानांखाली लिहिलेलं समोर ठेवलं आणि आबांनी मागितलेलं ते एक पान लिहायला घेतलं. पहिलं वाक्य गवांदेनं लिहिलं, आणि ते लिहायला त्याला पुष्कळ वेळ लागला: "आमच्यापैकी एक जण फळ्याजवळच्या खुर्चीवर बसला होता आणि एक जण मागच्या चटईवर."

कुणी एखादी गोष्ट ठासून सांगू लागला, की ती खोडायच्या आधी तो कुठं बसून पाहत होता एवढं विचारावं, आणि मग आपल्याखाली काय आहे तेही एकदा चाचपून पाहावं.