परत न आलेली विणकरीण

कोण्या एका नगरात एक नामांकित वैद्य राहत असे. भ्रमिष्ट माणसांवरचा त्याचा काढा पंचक्रोशीत गाजला होता. कानात भलतेच आवाज येणारे, भिंतींशी बोलणारे, अशांना घरची मंडळी त्याच्याकडे घेऊन येत. काढा नेलेला माणूस सहसा परत येत नसे. "बरा झाला, म्हणून आला नाही," असं म्हणत वैद्य मिशीला पीळ देई.

ही कीर्ती राजाच्या कानी गेली. त्याने दरबारात शाल देऊन वैद्याचा सत्कार करायचं ठरवलं.

आदल्या दिवशी बायको वाढता वाढता म्हणाली, "अहो, आपली म्हैस रानात गेली, तीही परत आली नाही. ती काय बरी झाली?"

वैद्य हसला खरा, पण ताट तसंच सारून उठला. बसवेना, की पडवेना. शेवटी पायात वहाणा सरकवून तो वेशीबाहेरच्या विणकरणीच्या घरी गेला. तिला काढा दिल्याला वर्ष होत आलं होतं.

विणकरीण गोठ्यात खांबाला बांधलेली होती.

"काय करू वैद्यबाबा?" तिचा भाऊ रडकुंडीला आला होता. "काढा ओतून देते आणि रानोमाळ पळत सुटते."

"का गं पोरी? आवाज थांबले नव्हते का?"

"थांबले की! पण हात थरथरायला लागले. सूत धरलं की तुटायचं. माग गेल्यावर मी जगून काय करू? तुम्ही कधी विचारलंत?"

वैद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आपल्या हातांनी तिचा दोर सोडला.

दरबारात तो म्हणाला, "महाराज, माझ्या काढ्याने कोण बरं झालं, हे मलाच ठाऊक नाही. शाल राहू द्या, एक घोडं द्या. घरोघर विचारून येतो."

दरबार खो खो हसला. राजाने मात्र घोडं दिलं.

वैद्य हिंडत राहिला. काढ्याने कुणी दिवसभर झोपून होता, कुणाला अन्न गोड लागत नव्हतं. तो मात्रा कमी करी, काढ्यातली मुळी बदलून बघे, पुन्हा जाऊन विचारी. चुके, पुन्हा बदल करी. जिवाला स्वस्थता म्हणून उरली नाही.

एके दिवशी विणकरणीच्या दारात त्याने विचारलं, "आवाज गेले का गं?"

"येतात अधूनमधून. येऊ देत बापडे. हे लुगडं बघा, काठापदरासकट पुरं झालं!"

वैद्याचे डोळे भरून आले. पण तो थांबला नाही. अजून कितीतरी घरं राहिली होती.

तात्पर्य: माणूस गप्प झाला म्हणजे बरा झाला असं नाही; बरं होणं कशाला म्हणायचं, हे ज्याचं दुखणं त्यालाच विचारावं, आणि विचारत राहावं.