चौथ्या पायरीवरचा फोटो

विषय : ‘दवंडी’ या खुल्या सॉफ्टवेअरच्या माहितीपानांत परस्पर दुरुस्ती करण्याचा अधिकार मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदार इंद्रनील हुद्दार, राहणार पुणे, यांचा यापूर्वीचा ऑनलाइन अर्ज. त्यास उत्तर नाही. सबब अर्जदार समक्ष हजर.

“...मग माझ्यात अजून कमी काय आहे?”

इंद्रनीलने हे विचारलं तेव्हा सिद्राम बुवा मठीच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मठी वारणेच्या काठावर. मागे चिंच, चिंचेला टेकवलेला लोखंडी खांब, खांबावर भोंगा. समोर भाद्रपदातली नदी, घाटाच्या निम्म्या पायऱ्या गिळून बसलेली.

बुवांनी शेंग फोडली. दाणा किडका निघाला.

“काय काय केलंस, ते परत सांग.”

इंद्रनीलला हा प्रश्न आवडला. उत्तर तो गाडीत पाठ करूनच आला होता.

दवंडीची गोष्ट अशी. नदीत एक मोजपट्टीचा खांब उभा करायचा, त्यावर छोटं यंत्र बसवायचं. पाणी धोक्याच्या रेषेवर गेलं की गावातला भोंगा आपोआप बोंबलतो. हे सॉफ्टवेअर फुकट. कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं. सोबत ‘भोंगा बसवण्याची रीत’ म्हणून माहितीची पानं, पायरीपायरीने लिहिलेली. पहिलं पान बुवांनी लिहिलं. त्यानंतर कुठल्या कुठल्या माणसांनी त्याला हात लावला याचा हिशेब नाही.

कफनी घालण्याआधी बुवा टेलिफोन खात्यात होते. तिथून थेट संन्यास. दोन्हीकडे पलीकडून उत्तर येण्याची वाटच बघायची असते, त्यामुळे बदल फारसा जाणवला नाही, असं ते सांगत.

“सगळी पानं शुद्ध केली,” इंद्रनील म्हणाला. “ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार. आणि मेलेल्या लिंका जिवंत केल्या.”

“किती?”

“सगळ्या. प्रोग्राम लिहिला. चहा उकळायच्या आत काम झालं.”

“चहा तू केलास?”

“नाही, आईने... का?”

“सहज. पुढं?”

“प्रोग्राम प्रत्येक लिंकचं दार ठोठावतो. बंद असेल तर नवा पत्ता शोधून घालतो आणि परत ठोठावतो. दार उघडलं की हिरवी खूण. आता सगळीकडे हिरवं आहे, बुवा. एक लाल दिसणार नाही.”

“आत कोण राहतं?”

“कुठे आत?”

“दार उघडलं म्हणालास ना.”

इंद्रनील हसला. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर तरुण हुशार माणूस हसतो, तसं. आदर राखून.

“बुवा, माझी एकेक दुरुस्ती कुणीतरी मंजूर करेपर्यंत पडून राहते. कॉमा बदलायचा तरी विनंती! माझ्या मागून आलेल्यांना इतर प्रकल्पांत थेट अधिकार मिळाले. आणि मी? मला इथे मिळालाय तो फक्त लोकांचे प्रश्न बंद करण्याचा अधिकार.”

तो खरोखर मिळाला होता. कोणत्याही कचेरीत नवख्याला सर्वांत आधी तोच मिळतो.

इंद्रनीलने प्लास्टिकच्या फाइलीतून छापील अर्ज काढला. बुवांनी तो दोन्ही हातांनी घेतला, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला आणि वर नदीतला गोटा ठेवला. गोट्याखाली आधीचाही एक कागद होता, कडा पिवळ्या पडलेल्या. इंद्रनीलने तो पाहिला. पुढचा नंबर आपला, एवढाच विचार त्याने केला.

“निर्णय कधी?”

बुवा शेंगांकडे वळले.

“कोळगिऱ्याला भोंगा बसवतायत. नावाडी सकाळी सांगत होता, चौथ्या पायरीवर अडलेत. का, ते त्याला ठाऊक नाही. मलाही नाही.”

“पानात काही चूक नाही, बुवा. मी जबाबदारीने सांगतो.”

“मग बसव की.”

“इथे?”

“इथंच. पान वाचायचं, यंत्र जोडायचं. पानावर आहे तेवढंच करायचं. नाही ते करायचं नाही.”

बुवांनी पेटीतून जुन्या पंच्यात गुंडाळलेलं जादा यंत्र आणलं. इंद्रनीलने लॅपटॉप उघडला. असली परीक्षा आपण झोपेत देऊ, असं त्याला वाटलं.

पहिली पायरी झाली.

दुसऱ्या पायरीला त्याने एक वायर उचलली आणि खोचली. बुवांचा हात त्याच्या हातावर आला.

“हे कुठं लिहिलंय?”

“हे... हे सगळ्यांना माहीतच असतं.”

“सगळे म्हणजे कोण?”

इंद्रनीलने वायर काढली, पान पुन्हा वाचलं. त्या वायरीबद्दल पान खरोखरच गप्प होतं. त्याने ते वाक्य लिहून ठेवलं. तिसऱ्या पायरीला बुवांचा हात पुन्हा आला, आणि पुन्हा. किती गोष्टी आपण न वाचताच करतो, याची इंद्रनीलला पहिल्यांदाच थोडी लाज वाटली.

चौथी पायरी आली. ‘आपल्या गावची धोक्याची पातळी या तक्त्यात पाहा व तो आकडा यंत्रात भरा.’

‘या तक्त्यात’ या शब्दांखाली रेघ होती. लिंक. इंद्रनीलने दाबली.

दार ताबडतोब उघडलं.

आधी झेंडूची तोरणं आली. मग साहेबांचा फोटो, हात जोडलेला. मग ‘आपले हार्दिक स्वागत आहे’ ही अक्षरं उजवीकडून डावीकडे सावकाश चालत गेली. खाली निविदा, त्याखाली योगदिनाची छायाचित्रं.

तक्ता नव्हता.

पाटबंधारे खात्याने नवं संकेतस्थळ बांधलं होतं. जुन्या प्रत्येक पत्त्यावरून येणाऱ्याला आता एकाच जागी आणून सोडत होते. कुठल्याही खोलीचं नाव सांगा, शिपाई नेऊन पुढच्या दाराशी उभं करतो आणि आपलं काम झालं असं समजतो, त्यातलाच प्रकार. प्रोग्रामने दार उघडलेलं पाहिलं. हिरवी खूण केली.

इंद्रनील त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिला.

त्याला काहीतरी आठवत होतं. आठवू नये असं वाटत होतं.

“काय झालं?” बुवांनी विचारलं.

“काही नाही. आकडा भरतो. तुमच्या घाटावरच्या खांबावर तांबडी रेघ दिसतेय, तिथून...”

बुवांचा हात त्याच्या हातावर आला.

“पानावर कुठं आहे?”

...

“बुवा.”

“बोल.”

“एक प्रश्न आला होता. या आठवड्यातच.”

त्याने लॅपटॉप बुवांकडे फिरवला. बुवांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, पोथी वाचावी तसं.

“‘कोळगिरे सोसायटी. चौथ्या पायरीला एका साहेबांचा फोटो येतो. आमी तिघांनी पाहिला. ह्यात पाणी कुठं बघायचं?’”

बुवांनी खालचं उत्तरही वाचलं.

“‘लिंक तपासली. चालू आहे. प्रश्न बंद. इंद्रनील हुद्दार.’”

चिंचेतून एक साळुंकी उडाली.

“शुद्धलेखन चोख आहे,” बुवा म्हणाले.

इंद्रनीलला त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवस मावळतीला आला होता. बुवा उठले.

“चल. वेळ झाली.”

“कसली?”

“रोज दिवे लागायच्या आधी भोंगा तपासतात. बिघडलेला असला तर पूर यायच्या आधी कळावं. हे पान क्रमांक दोनवर आहे. तू शुद्ध केलंयस ते.”

दोघे घाटावर उभे राहिले. बुवांनी भोंग्याची घाटावरची कळ दाबली. भोंगा ओरडला, लांब, खालच्या सुरात, पाण्यावर सरकत गेला. थांबला.

“आता बोलू नकोस.”

नदीचा आवाज. काही नाही. मग खालच्या अंगाने, उसाच्या पलीकडून, दुसरा भोंगा वाजला.

“सावर्डी,” बुवा म्हणाले.

तो थांबला तसा तिसरा, अजून लांब. घसा बसल्यासारखा.

“घाटवडे. पावसात भिजलाय.”

मग आणखी एक. मग एक इतका क्षीण, की तो वाजतोय की आपल्या कानांतच काही घुमतंय, हे इंद्रनीलला ठरवता येईना. नदी जिकडे जात होती तिकडे आवाज जात होते, गावामागून गाव हाक पुढे देत होतं. त्याने ती पानं शंभरदा उघडली असतील. त्यांना आवाज आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

“कोण आहेत हे लोक?” त्याने हळूच विचारलं.

“मला काय ठाऊक? यातल्या कोणालाच मी शिकवलेलं नाही. पान वाचून बसवलंय त्यांनी.”

“तुम्ही कधी कोणाला भेटला नाहीत?”

“रोज भेटतो की. आत्ताच भेटलो.”

मग शांतता आली. त्या शांततेत, वाऱ्याबरोबर, काहीतरी कडकडलं. भोंगा नव्हता. कातड्यावर काड्या पडत होत्या.

“हलगी?”

“कोळगिरे.”

“हलगी का?”

“भोंगा बसला नाही ना. पाणी वाढतंय. तोवर माणूस काठावर बसलाय, हलगी घेऊन. रात्रभर बसेल. काल बसला होता. परवाही.”

इंद्रनील ऐकत राहिला. कोणीतरी, त्याला न दिसणारं, त्याने बंद केलेल्या प्रश्नावर बसून हलगी वाजवत होतं. आवाजात तक्रार अजिबात नव्हती. आपली पाळी आली म्हणून वाजवत होतं, बस.

हलगी थांबली. पुढे नदी वळते. तिथून काही आलं नाही.

इंद्रनील मठीत परतला आणि कामाला बसला. बंद केलेला प्रश्न त्याने पुन्हा उघडला. खाली लिहिलं, ‘चूक माझी. पान दुरुस्त करतो आहे. कृपया पुन्हा पाहावे.’ मग जुन्या संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या एका ठिकाणी खात्याचा तक्ता शोधत गेला. सापडला. एकेक गाव, एकेक आकडा त्याने उतरवून त्या जुन्या प्रतीशी ताडून पाहिला आणि अख्खा तक्ताच पानावर आणला. आता कुठल्या दाराशी जायला नको. मग वायरीचं वाक्य घातलं. मग बुवांनी जिथे जिथे हात धरला होता, तिथे तिथे एकेक वाक्य. सगळं बोट ठेवून वाचलं. प्रोग्राम चालवला नाही.

“झालं,” तो म्हणाला. “विनंती पाठवली. नवं पान कोळगिऱ्याच्या प्रश्नाखालीही जोडलं. आता मंजूर करा.”

“कोण? मी?”

“मग कोण?”

“मला कुठला आलाय अधिकार?”

इंद्रनीलला वाटलं, बुवा थट्टा करतायत. बुवांच्या तोंडावर थट्टा नव्हती.

“पण सगळे म्हणतात...”

“म्हणेनात का. कधीही न भेटलेल्या माणसानं पान वाचून भोंगा वाजवला, की दुरुस्ती मंजूर. इथं तेवढीच एक सही चालते.”

“आणि नाही वाजला तर?”

बुवांनी उरलेल्या शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी इंद्रनीलची दुपारची गाडी होती. ती गेली. तिकडे त्याने पाहिलंही नाही. कोळगिऱ्याहून उत्तर नव्हतं. तो घाटावर गेला, परत आला, पान उघडलं, एक अनावश्यक शब्द काढला, पुन्हा घाटावर गेला.

“लिंक दाब परत,” बुवा ओट्यावरून ओरडले, “साहेब वाट बघत असतील!”

इंद्रनील हसला नाही.

दिवस कलला. दोघे पाण्याशी उभे राहिले. बुवांनी कळ दाबायला सांगितली. इंद्रनीलने दाबली. भोंगा ओरडला आणि थांबला.

सावर्डी.

घाटवडे, घसा तसाच बसलेला.

मग तो एक. मग तो क्षीण.

मग काही नाही.

हलगीच्या काड्या आता पडतील, आता पडतील... पडल्या नाहीत. माणूस झोपला असेल? दोन-तीन रात्रींचा जागा माणूस. आणि पाणी...

...आणि मग वाजला.

आधी कचरत, अर्ध्यात तुटला. कोणीतरी घाबरून कळ सोडली असावी. मग पुन्हा, पूर्ण दमाने, नवा कोरा भोंगा, अजून आवाजाला गंज नाही. पाण्यावरून आला, इंद्रनीलच्या छातीत शिरला आणि वरच्या अंगाला, नदीच्या उगमाकडे निघून गेला. त्याच्यामागून लोकांचा ओरडा आल्यासारखा वाटला. कदाचित वाराच असेल.

इंद्रनीलचे हात जोडले गेले. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. डोळे पुसायचं त्याला सुचलं नाही.

भोंगा थांबला.

“बुवा...”

“हं.”

“वाजला.”

“वाजला.”

“मग... माझा अर्ज?”

बुवा अजून कान देऊन उभे होते. कोळगिऱ्याच्या खाली नदी वळते, वळणापलीकडे दुधाळी. तिकडे अंधार उतरला होता.

“दुधाळी ऐकू आली?”

इंद्रनीलने ऐकलं. खूप वेळ ऐकलं.

“नाही.”

“मग राहू दे तुझा अर्ज माझ्या अर्जाबरोबर, गोट्याखाली. दोन्ही प्रलंबित आहेत.”