चाखोबाची जीभ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पोपट माणसांशी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकून तरी घेत. ऐकून शहाणी होत, असे मात्र म्हणवत नाही.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावची मिरची पंचक्रोशीत नावाजलेली. रंग असा गडद, की चिमूटभर टाकली तरी आमटी लाल व्हावी. आणि चव इतकी मवाळ, की नुकते भाकरी खायला लागलेले पोरही तिच्यासाठी दुसरा घास मागे. बाळंतिणीच्या ताटात तीच, आजाऱ्याच्या पेजेत तीच. असे बियाणे दुसरीकडे कुठेच नव्हते.

पण बियाण्याला जपावे लागते. दर वर्षी शंभरात पाच-दहा झाडे बिघडून तिखट निघत, आणि दिसायला ती अगदी इतरांसारखीच असत. त्यांचे बी राखले, तर पुढच्या वर्षी तिखट झाडे कितीतरी वाढत. म्हणून गावात एक रीत होती. बियाण्याची तोडणी व्हायच्या आधी गावाचा चाखणारा वाफ्यावाफ्यातून फिरे. प्रत्येक झाडाची एक मिरची आधी शेंड्याला आणि मग देठाजवळ चावून पाही, थुंकून टाकी, आणि झाड तिखट निघाले तर त्याला चुन्याचे बोट लावी. त्या झाडाचे बी कोणी ठेवत नसे. हे काम एकाच जिभेचे. दहा जिभा म्हणजे दहा मते, असे जुनी माणसे म्हणत.

आपल्या गोष्टीतल्या माणसाकडे हे काम होते. आईबापांनी नाव चांगले ठेवले होते, पण सगळा गाव त्याला चाखोबाच म्हणे. त्याच्याआधी हे काम त्याच्या थोरल्या बहिणीकडे होते. आक्कानेच त्याला लहानाचा मोठा केला, तिनेच चाखायला शिकवले, आणि पाय थकले तेव्हा चुन्याची डबी त्याच्या हातात दिली.

"जीभ तुझ्या तोंडात आहे," ती म्हणाली होती, "पण आजपासून ती गावाची बरं का. नीट सांभाळ."

आक्काचे दात गेले होते आणि पोट नाजूक झाले होते. कुस्करलेली भाकरी, त्यावर थोडे तेल आणि ती मवाळ मिरची, एवढ्यावर ती खूश असे.

चाखोबाने बरीच वर्षे काम चोख केले. पण खरे सांगायचे तर मवाळ मिरची ओळखणाऱ्याला कोणी वाहवा करत नाही. बियाणे चांगले निघाले की लोक पावसाला हात जोडत. चाखोबाला ते कुठेतरी सलत होते.

एकदा मीठ विकणारा एक फिरस्ता त्याच्या ओट्यावर टेकला. पाणी पाजल्याबद्दल त्याने कमरेच्या पुरचुंडीतून सात बिया काढून दिल्या.

"लांब पूर्वेकडची मिरची आहे," तो म्हणाला. "आमच्याकडं ही दोराला बांधून शेताभोवती लावतात. हत्ती वासानंच माघारी फिरतात."

चाखोबाने परसात फुटक्या घागरींत त्या बिया लावल्या. शेणखत घातले, राख घातली, दुपारच्या उन्हात वर गोणपाट धरले. पहिली फुले गळली तेव्हा त्याला जेवण गेले नाही. शेवटी बोटाच्या पेराएवढ्या, सुरकुतलेल्या, लालभडक मिरच्या लागल्या. त्याने एक तोडून चावली मात्र, आणि डोळ्यांतून धारा लागल्या. कानांतून वाफा निघतात की काय असे झाले. अर्धा दिवस तो दह्याचे मडके कवटाळून बसला होता. हे बघायला आधी शेजारी आले, मग गल्ली आली, मग गाव आले. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा एक खाल्ली.

आणि मग त्याला ती चटकच लागली. तो दर वर्षी सगळ्यांत जहाल झाडाचेच बी धरी आणि पुढच्या वर्षी त्याहून जहाल मिरची पिकवी. संध्याकाळी पारावर बसून तो त्या मिरच्या शेंगदाण्यांसारख्या चघळी. लोक म्हणत, "वा रे पठ्ठ्या!" जन्मभर ज्या शब्दाची वाट पाहिली, तो आता रोज मिळत होता. कोण सोडील?

एके दिवशी त्याला ताक पाण्यासारखे लागले. त्याने मीठ मागून घेतले. तरी ते पाण्यासारखेच लागले.

त्याच सुमाराला परसात एक पोपट येऊन बसला आणि घागरीतली जहाल मिरची मजेत सोलून खाऊ लागला. ना हिसका, ना डोळ्यांत पाणी. चाखोबाला राग आला आणि नवलही वाटले.

"कसली तिखट आहे, कळते का तुला?"

"छे," पोपट म्हणाला. "आम्हा पाखरांना तिखट लागतच नाही. म्हणून तर आम्हाला कोणी चाखायला बोलावत नाही. तुला लागते का रे अजून?"

चाखोबाने खडा मारून त्याला हाकलले. पण प्रश्न काही खड्याने उडून गेला नाही.

चाखणीचा दिवस आला. गाव वाफ्याच्या बांधावर उभे होते. चाखोबाने पहिली मिरची चावली. काही लागले नाही. दुसरी चावली, विसावी चावली. सगळ्या सारख्याच. एकही झाड तिखट नाही असे कसे होईल? लोकांना संशय येईल. मग त्याने काय केले असेल? अंदाजाने आठ-दहा झाडांना चुन्याचे बोट लावले आणि डबी बंद केली. लोक निर्धास्त होऊन घरी गेले. त्यांना संशय आला नाही, हेच वाईट झाले.

पुढच्या वर्षी त्या बियांची मिरची पानात पडली. आक्काने दोन घास खाल्ले आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"यंदा जरा चढली आहे का रे?"

खरे सांगून टाकायचे, तर हाच क्षण होता. घरात दोघेच होती. पण पारावरची वाहवा आठवली आणि जीभ फिरली.

"नाही आक्का, मवाळच आहे. मी स्वतः चाखलीय."

"तू म्हणतोस म्हणजे असेल," ती म्हणाली. "माझंच तोंड आता म्हातारं झालं."

त्या वर्षीही त्याने अंदाजानेच बोटे लावली. लोक कुरकुरले तेव्हा म्हणाला, ऊन कडक होते. तिसऱ्या वर्षी मात्र घराघरातून पोरे रडत बाहेर आली. बाळंतिणी ताटावरून उठल्या. गाव चाखोबाच्या ओट्यापाशी जमले. तो पुन्हा उन्हाचीच गोष्ट सांगू लागला, तेवढ्यात आक्का भिंत धरत धरत बाहेर आली. तिच्या हातात मिरची लावलेला भाकरीचा घास होता.

"खा आणि सांग, कशी आहे."

त्याने खाल्ला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळते का, ते पाहिले. मग म्हणाला, "मवाळ आहे."

"तुझ्या परसातल्या घागरीतली मिरची होती ती," आक्का म्हणाली.

चाखोबाने चुन्याची डबी काढून तिच्या पायांशी ठेवली.

"कधीपासनं?" तिने विचारले.

"तिसरं वर्ष."

"मला का नाही सांगितलंस? पाय गेले होते रे माझे, जीभ कुठं गेली होती? टोपलीत घालून आणल्या असत्यास, तर इथं ओट्यावर बसून मी सगळ्या चाखल्या असत्या. आणि मी वेडी वर्षभर समजत राहिले, की आपलंच तोंड बिघडलं."

चाखोबा ढसाढसा रडला. त्याच दिवशी त्याने परसातल्या घागरींतली सगळी झाडे उपटून जाळली. त्या धुराने गाव दोन दिवस खोकत होते. घराघरांतली गाडगी धुंडाळून जुने बी म्हणून जे जे सापडले, ते पेरले. मिरच्या लागल्या तेव्हा आक्काला पाठीवर घेऊन तो प्रत्येक झाडापाशी गेला. ती हिरड्यांनी चघळी, थुंके, आणि नाही म्हणून मान हलवी. शेवटच्या झाडापर्यंत तिने मानच हलवली. मवाळ मिरचीचे एकही बी उरले नव्हते.

गावाने त्याला वाळीत टाकले नाही. कोणी वाईट बोललेही नाही. फक्त कोणी काही चाखायला आणून देईनासे झाले.

आक्का त्यानंतर पाच वर्षे जगली. भाकरी आणि मीठ, एवढेच तिच्या पोटाला सोसे. चाखोबा रोज आपल्या हाताने भाकरी कुस्करी, मीठ घाली, आणि रोज त्याला तिलाच विचारावे लागे, "आक्का, मीठ बरोबर पडलंय का?" कधी ते जास्त झालेले असे, कधी विसरलेले असे. ती नेहमी म्हणे, "बरोबर आहे," आणि मुकाट्याने खाई. ती खरे सांगते आहे की नाही, हे त्याला कधीच कळले नाही.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढे ध्यानात ठेवा: आपल्याला जे कळेनासे झाले ते त्याच दिवशी सांगून टाकावे, कारण लपवलेल्या उणिवेची झळ आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यालाच आधी लागते.